झोपलेलं यान आणि आंबलेला गहू

९ एप्रिल, केनवड

कॉलेजच्या प्रॅक्टिकल वहीची मागची पानं कोरी उरली होती, त्यात लिहायले बसली. कोणासाठी ते माहीत नाही. कोणाशी तरी कडकडून भांडावंसं वाटते अन् या घरात भांडायले माणूसच नाही.

सासू आहे, पण तिच्याशी भांडणच लागत नाही. तुळसाबाई तिचं नाव, मी आत्या म्हणते. काही बोललं का 'बरं बाई' म्हणते अन् चहा मांडते. सासरे उकंडराव लग्नाच्या आधीच गेले, त्यायले मी हार घातलेल्या फोटोतच पाह्यलं. शेत भावकीतल्या देवमनकाकायले बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, दिलेलं. नवरा शिवम चाकणले कंपनीत. लग्नानंतर पंधरा दिवस इथं राह्यला अन् 'खोली भेटली का बोलावतो' म्हणून जो गेला तो गेलाच. दिवाळीनंतरचं लग्न, आता उन्हाळा लागला.

माझी बॅग मी अजून खाली केली नाही. साडी काढते, नेसते, धुते अन् वाळली का परत बॅगीतच घडी करून ठेवते. कपाटात जागा आहे. आत्यानं लग्नातच एक कप्पा मोकळा करून दिला होता. तिले दिसते सगळं.

आज फोन आला. शिवम नेहमीसारखा आधी आईशी बोलला, मग माझ्याशी. खोली भेटली होती म्हणे, पण मालकाले बॅचलर पोरंच पाह्यजेत. मी म्हटलं, मग दुसरी पाहा. तो म्हणे, पाहूनच राह्यलो ना.

दुपारी बाहेर पाय टाकता येत नाही एवढं ऊन. मी या खोलीतून त्या खोलीत जाते अन् त्या खोलीतून या खोलीत. खोल्या दोनच आहेत.

१२ एप्रिल

ग्रामपंचायतीच्या बाजूले वाचनालय आहे हे आज समजलं. मीठ आणायले गेली होती, पाटी दिसली. आत दौलतसिंगकाका बसले होते, पोस्टातून रिटायर झालेले. पेपर वाचणारी दोन-चार म्हातारी माणसं पंख्याखाली. मी आत गेली तर सगळ्यायनं पेपर खाली केले. बाईमाणूस इथं पहिल्यांदाच आलं असन.

मी म्हटलं, घरगुती कादंबरी द्या, सासूसुनांची असली तरी चालन. काका म्हणे त्या सगळ्या वाचून वाचून फाटल्या, शिवायले टाकल्या. मग कोपऱ्यातला एक गठ्ठा ओढला. विज्ञान कादंबऱ्या. अनुदानात आल्या तेव्हापासून त्याची दोरीसुद्धा कोणी सोडली नव्हती.

"तू सायन्सची हायेस ना? मंग तूच ने. आमच्याच्यानं तं काही होत नाही."

मले रागच आला. बीएस्सी केमिस्ट्री केली म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी राकेटं वाचायची काय? पण रिकाम्या हातानं त्या म्हाताऱ्यायसमोरून परत जायची लाज वाटली. वरचं होतं ते उचललं.

१३ एप्रिल

भंकस पुस्तक. एक माणूस मशीनमध्ये बसून मागच्या काळात जाते अन् स्वतःचंच लग्न मोडायले पाहते. वीस पानांत तीन वेळा आपटून ठेवलं.

संध्याकाळी. संपलं. लग्न मोडते, पण मग तो माणूसच मशीन बनवत नाही, कारण बायकोच्या कटकटीपायी त्यानं ती बनवली होती. मले एकटीले हसू आलं. आत्या स्वयंपाकातून डोकावली. मी म्हटलं काही नाही, चुटका होता.

१९ एप्रिल

तिसरं पुस्तक चालू आहे. लिहायले लाज वाटते, पण मले हे आवडायले लागलं. लई आवडायले लागलं. सकाळी भांडे घासताना मी इथं नसते, शनीच्या कड्यात असते. आत्या दोनदा हाक मारते तेव्हा उतरते.

आज लेखकाले पकडलं. त्यानं मंगळावर उघड्यावर पाणी ठेवलं अन् ते शंभर अंशावर उकळलं म्हणे. अरे बापा, तिथं हवेचा दाब तरी आहे काय? शंभराची वाट कोण पाहते, तिथं तर पाणी ठेवल्या ठेवल्या उकळन. समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'चूक. सुचिता, बी.एस्सी.' तीन वर्षं पाठ केलेलं आज पहिल्यांदा कोणाच्या तरी अंगावर फेकता आलं.

शिवमचा फोन आला. तिकडे पाण्याची बोंब आहे म्हणे, टँकर येते, तू आली तर तुले त्रास होईन. मी म्हटलं, केनवडात काय धबधबा आहे? तो हसला. अखजीले, अक्षय तृतीयेले, येतो म्हणाला, मग बोलू.

२१ एप्रिल

आजपासून आमच्या कुरोड्यायची तयारी. इथं बायायचा रिवाज आहे. उन्हाळ्यात आज हिच्या घरी, परवा तिच्या घरी, सगळ्या मिळून एकमेकींच्या शेवया, पापड, कुरोड्या करतात. चार दिवसांनी आमचं घर ठरलं. आत्यानं गहू निवडून मोठ्या गंजात भिजू घातला. काम मले दिलं. रोज सकाळी गव्हाचं पाणी बदलायचं, बस. तीन दिवस. मग तो वाटायचा, चीक गाळायचा, रात्रभर बसू द्यायचा अन् सकाळी शिजवायचा.

आज दौलतसिंगकाकायपासून चौथं पुस्तक आणलं. पुठ्ठा फाटलेला, त्यामुळे नावही नाही. पण सुरुवात अशी आहे का मी वाचनालयाच्या पायरीवरच उभी राहून चार पानं वाचली. एक यान पृथ्वीवरून निघालं आहे. आत काचेच्या पेट्यायमध्ये माणसं झोपवलेली. ते नव्या ग्रहापाशी पोचलं अन् त्याच्याभोवती फिरून राह्यलं, पण माणसं झोपलेलीच. पृथ्वीवरून कोणी तरी इशारा पाठवन तेव्हाच ती जागी होतीन.

२४ एप्रिल

आज जमीन फाटली असती तर बरं झालं असतं.

सकाळी आत्यानं गंजाचं झाकण काढलं अन् नाकाले पदर लावला. गहू सडला होता. वर फेस, अन् वास असा का अंगणातली शेळीसुद्धा उठून गेली. पहिल्या दिवशी मी पाणी बदललं होतं. दुसऱ्या दिवशी काचेच्या एका पेटीत एक पोरगी मधातच जागी झाली, अन् बाकी सगळे झोपलेले. मग मले गहू कुठला आठवते? अन् तिसऱ्या दिवशी तर ती पोरगी परत झोपावं का नाही हेच ठरवत होती.

तेवढ्यात शेजारच्या गोजराबाई आल्या, त्यायच्या मागं आणखी दोघी, वाटायले बसायचं म्हणून. गोजराबाईनं वास घेतला अन् माझ्याकडे पाह्यलं. सगळ्या गावात झालं असतं दुपारपर्यंत, का बीएस्सी सुनेनं पायलीभर गहू सडवला.

आत्या म्हणाली, "मीच इसरली पानी बदलाचं. वय झालं बाई आता."

त्यायले चहा पाजून वाटेले लावलं. मग नवा गहू निवडायले बसली. मी समोर उभीच. म्हटलं रागवा तरी. तिनं मान वर केली नाही.

"असं काय हाय वं त्या पुस्तकात, का तुले गव्हाचा वास नाही आला?"

मी सांगायले लागली. यान, पेट्या, जागी झालेली पोरगी. म्हटलं दोन मिनिटांत सांगून होईन, तर आत्या मधामधात विचारतच राह्यली. त्या पोरीले भूक लागली तर? तिले कोणी हाक मारली तर ऐकू येईन काय? शेवटी मी पुस्तकच आणलं अन् मोठ्यानं वाचलं. गहू निवडून झाला तरी ती सूप हातात धरून बसली होती.

३० एप्रिल

अखजी. शिवम आला नाही. ऐन वेळी फोन केला, सुट्टी नाही भेटली.

आत्यानं पुरणाचा स्वयंपाक केला, चिंचोणी केली, नवी घागर भरून सासऱ्यायच्या नावानं पुजली. पितराचा घास पोरानं टाकायचा असते, तो देवमनकाकाच्या हातून टाकला.  दुपारी आम्ही दोघीच जेवलो. पुरण खूप उरलं.

मले वाटत होतं तो येईन अन् मी त्याच्यासोबतच जाईन. बॅग दाराजवळ आणून ठेवली होती. जेवण झाल्यावर उचलून परत आत ठेवली. आत्या उष्टं काढत होती, तिचं लक्ष नव्हतं. निदान मले तसं वाटलं.

मग तीच म्हणाली, वाच.

४ मे

आज कुरोड्या झाल्या. अगदी पांढऱ्या झाल्या. पहाटेच चूल पेटवली, चीक शिजवला. आत्या चाटूनं घाटत होती अन् मी मीठ, हिंग टाकत होती. मग सगळ्या बाया गच्चीवर. खाटेवर धुतलेलं लुगडं अंथरलं अन् सोऱ्यानं गरम गरम कुरोड्या पाडल्या. माझ्या हातानं पडलेल्या वाकड्या. आत्यानं माझ्या हातातून सोऱ्या घेतला, म्हणे तू वाचून दाखव, तुले थेच येते.

आता सगळ्या बायायले पुस्तक लागलं आहे. गोजराबाईची शंका अशी का एवढी वर्षं झोपून राह्यल्यावर केस किती वाढतीन. एकीनं विचारलं, पोटुशी बाई झोपवली असन तर? याचं उत्तर लेखकानं दिलंच नाही. लेखक गडी असन.

आता गोष्ट पृथ्वीवर आली आहे. इशारा पाठवायचं काम एका म्हाताऱ्या बाईकडे आहे. तिच्यासमोर पडद्यावर प्रत्येक झोपलेल्या माणसाच्या श्वासाची एकेक रेघ दिसते. त्यात एक रेघ तिच्या स्वतःच्या पोरीची. एकदा इशारा गेला का माणसं उठतीन, ग्रहावर उतरतीन अन् मग रेघा बंद. तिकडून परत काहीच समजायची सोय नाही. म्हणून ही बाई दर वेळेस अहवालात लिहिते, 'परिस्थिती अद्याप अनुकूल नाही.' कधी तिकडे वादळ आहे, कधी थंडी आहे.

मी म्हटलं, ही तर आमच्या शिवमची बहीण दिसते. रोज नवं कारण. कधी मालक बॅचलर मागते, कधी पाणी टँकरनं येते.

बाया हसल्या. आत्याचा हात थांबला, अन् सोऱ्यातून एक कुरोडी लांबच लांब दोरीसारखी लुगड्यावर पडत गेली. गोजराबाई म्हणे, तुळसाबाई, सरका आता सावलीत, ऊन लागलं तुमाले. खरंच लागलं असन. चुलीपाशी पहाटेपासून बसली होती.

७ मे

आत्या तीन दिवसांपासून पुस्तक वाचू देत नाही. काढलं का म्हणते डोकं दुखते. जेवतही नाही धड. मी लिंबूसरबत केलं, पायाले तेल लावून दिलं.

मी आज विचारलं, कंटाळा आला काय पुस्तकाचा? ती म्हणे, "थे बाई वंगाळ नाही वं. तिची पोरगी हाय ना त्यात. रेघ दिसते तं जीवाले बरं वाटते तिच्या."

मी म्हटलं, अन् पोरीचं काय? पोरगी तिकडे जन्मभर काचेत झोपून राहीन काय, हिच्या जीवाले बरं वाटावं म्हणून? मले त्या बाईचा असा संताप येते का पुस्तकात हात घालून बटण दाबावं. मी बरीच बोलली. आत्या उठून शेळीले पाणी पाजायले गेली. शेळीले मी आताच पाणी पाजलं होतं.

एकटीनं बसून मी शेवट वाचून टाकला. आत्याले सांगणार नाही. तिले आवडणार नाही असा शेवट आहे.

१० मे

जीव थाऱ्यावर नाही. पुस्तक संपलं तर आता काय? वाचनालयाले कुलूप, दौलतसिंगकाका लग्नाले वाशिमले गेले. गच्चीवर चढते, उतरते. बॅगीची चेन उघडते, लावते.

आज आत्यानं स्वतःहून शिवमले फोन लावला अन् बोलत बोलत गोठ्याकडे गेली. बराच वेळ लागला. बटईचं काही असन, पेरणीच्या आधी देवमनकाकाशी ठरवावं लागते.

१२ मे

आज झालं ते लिहिते.

दुपारी आत्या माझ्याजवळ येऊन बसली. हातात काही काम नाही. तिले बिनकामाचं बसलेलं मी आजवर पाह्यलं नव्हतं.

"त्या बाईनं बटन दाबलं काय?"

मी म्हटलं, अजून तिथपर्यंत आलो नाही आपण.

"दाबा लागते तिनं. तिलेबी मालूम हाय." मग म्हणाली, "खोली शिवमले पौषातच भेटली होती. मीच म्हटलं त्याले, एवढा उन्हाळा राहू दे तिले मायाजवळ. मंग म्हटलं पेरनी होऊ दे. थो बिचारा काय बोलन, मायच म्हनते तं."

मले आधी समजलंच नाही. मग समजलं अन् कानात गरम वारं गेल्यासारखं झालं. बॅचलर पोरं, टँकर, सुट्टी. सगळं इथूनच जात होतं, अन् तिथून फिरून माझ्यापाशी येत होतं.

"हे गेले," म्हणजे सासरे, "तवापासून या घरात दिवसभर आवाज नव्हता. तू आली अन् भांडे वाजाले लागले."

मी म्हटलं, "मंग मले काहून नाही सांगितलं? मी राह्यली असती."

"राह्यली असती काय?"

 मी उठून आत आली अन् दार लावलं. आज पहिल्यांदा मले या घरात भांडायले माणूस भेटलं, अन् मले एक शब्द सुचला नाही.

१३ मे

शिवमशी बोलली. म्हटलं खोटं काहून बोलला? म्हणे आईनं म्हटलं म्हणून. मी म्हटलं, अन् तुमच्या मनात काय होतं? मागं मशीनचा आवाज येत होता. मग म्हणे, इथं खोलीवर तू दिवसभर एकटी राह्यली असती, मी शिफ्टले, तिथं दोघी तरी होत्या.

मी म्हटलं, हेच मले विचारायचं होतं ना. मले ठेवायचं का न्यायचं हे दोघायनं ठरवलं, मी काय गव्हाचं पोतं आहे?

तो म्हणे येतो न्यायले, आईनंही त्या दिवशी तेच सांगितलं. म्हणजे गोठ्यापाशी ती हेच बोलत होती. मी म्हटलं येऊ नका, मले वाट माहीत आहे. रिसोडहून ट्रॅव्हल्स लागते.

आत्यानं जेवायले हाक मारली, मी गेली नाही. संध्याकाळी दाराशी येऊन म्हणाली, पुस्तक वाचतं काय थोडं? मी म्हटलं, तुमचं तुम्ही वाचा. चौथी शिकलेल्या बाईले मी असं म्हटलं. लागावं म्हणूनच म्हटलं.

'बरं बाई' म्हणाली. पुस्तक घेऊन गेली.

१५ मे

दोन दिवस अबोला. घरात एकच आवाज आहे. आत्या चष्मा लावून, अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचते. मनात वाचता येत नाही तिले. मी या खोलीत, ती त्या खोलीत.

"कें... द्र... प्र... मु... ख." मग श्वास घेते. "बाई... नं." एका ओळीले एक भाकर भाजून होईन. काल मी कानात बोटं घातली. आज दुपारी एका जागी गाडी अडली. "नि... यं... नियत... नियंत... र..." परत मागून. परत अडली. परत मागून. मी बॅग भरत होती. भरायचं असं काही नव्हतंच, भरलेलीच होती. पाचव्यांदा अडली तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही.

मी आतून ओरडली, "नियंत्रण!"

 मग आत्याचा आवाज आला, "नियंत्रन. हं." अन् पुढची ओळ.

त्यानंतर मी भिंतीआडून आणखी चार शब्द सांगितले. अबोला मोडला असं मी मानत नाही. चुकीचं वाचलेलं ऐकवत नाही, एवढंच.

१८ मे

उद्या निघते. रागानं जाऊन राह्यली का आनंदानं, माझं मलेच समजत नाही. सकाळी वाटलं आनंदानं. दुपारी आत्या डब्यात कुरोड्या भरत होती, एकेक उचलून, मोडू नाही म्हणून मधात कागद घालून. वाकड्या होत्या त्या बाजूले काढल्या. मी म्हटलं त्या काहून काढल्या? म्हणे, थ्या तुया हातच्या हाय, मी तयून खाईन.

मग मी आत गेली अन् बॅगीतून दोन साड्या काढून कपाटातल्या त्या कप्प्यात ठेवल्या. आत्यानं पाह्यलं.

"कायले वं? राह्यल्या काय?"

"राहू द्या. आल्यावर लागतीन."

तिनं डब्याचं झाकण लावलं. ते बसलंच होतं, तरी दोनदा दाबलं. दौलतसिंगकाका परत आले होते, त्यायच्याकडे जाऊन पुस्तक माझ्या नावावरून आत्याच्या नावावर करून आली. काका म्हणे तुळसाबाई वाचतात? मी म्हटलं, तुमच्या पेपरवाल्यायपेक्षा जास्त. तुमाले तर दोरीही सुटली नव्हती.

२७ मे, चाकण

आल्यापासून वही उघडली नव्हती. एक खोली, वर पत्रे, शेजारी सगळे बिहारी अन् लातूरकडचे. पाण्याचा टँकर खरंच येते. तेवढं खोटं नव्हतं.

शिवम पहिल्या दिवशी फार नीट वागला, परक्या पाहुण्याशी वागावं तसा. मग तिसऱ्या दिवशी आमचं भांडण झालं. चांगलं तासभर झालं, शेजारीण दार उघडून पाहायले आली. त्यात तो म्हणाला का तू आली तर मले तुले काय दाखवायचं, ही खोली? त्याले भीती वाटत होती म्हणे. आता बरं आहे. आता आम्ही नवराबायकोसारखे दिसतो.

पण दुपारी तो शिफ्टले गेला का मले तसंच होते. इथं तर खोलीही एकच, कुठून कुठं जाऊ? एका कंपनीत लॅबमध्ये माणूस पाह्यजे असं शेजारीण सांगत होती. उद्या जाऊन विचारणार. आज आत्यानं कुठपर्यंत वाचलं असन, हे मनातून जात नाही. शेवटची पानं राह्यली असतीन. मी तो शेवट तिच्यापासून लपवला अन् आता तो तिच्या एकटीच्या हातात आहे. इशारा जाते, रेघा एक एक करून बंद होतात, म्हातारी बाई अंधाऱ्या पडद्यासमोर बसते, अन् पुस्तक संपते. तिकडे पोरीचं काय झालं ते लेखक सांगतच नाही. हे वाचून आत्या त्या घरात एकटी बसणार.

तीनदा फोन हातात घेतला. तीनदा ठेवून दिला.

२ जून

सकाळी चहा गाळत होती, तर आत्याचाच फोन. पहिल्यांदा माझ्या नंबरावर. नेहमी शिवमच्या नंबरावर करते.

नमस्कार नाही, कशी आहेस नाही. म्हणे, "सरलं वं पुस्तक."

मी म्हटलं, हं.

"दाबलं तिनं बटन. अन् रेघ बंद झाली. पुढच्या पानावर पाह्यलं तं पानच नाही. मले वाटलं फाटलं असन. दौलतसिंगले दाखवलं, तं थो म्हने एवढंच हाय. असं कुठं असते काय?"

मी म्हटलं आत्या, मी तुमाले सांगणार होती...

"लई इचार केला मी," ती म्हणाली. "त्या बाईपाशी फोन नसन. नाही तं तिनं कवाच दाबलं असतं."

मी हसली, अन् हसता हसता रडली, अन् शिवम उठून बसला, काय झालं म्हणून. मी त्याले हातानं चूप केलं. आत्यानं विचारलं, कुरोडी तळली काय? मी म्हटलं, तेल जास्त तापलं होतं, लाल झाल्या. मग तिनं ती तेल किती तापवते ते सांगितलं, शेळीचं सांगितलं, अन् पाऊस अजून नाही म्हणाली. मले वाटलं आता ठेवते.

ती म्हणे, "थांब. दौलतसिंगनं नवीन देल्लं, थ्याच गठ्ठ्यातलं. पयलं पान वाचून दाखवते तुले. आयक."

चष्म्याच्या डबीचा आवाज आला. मग पानाचा. "गु... रू... च्या... चं... द्रा... वर."

एक माणूस गुरूच्या चंद्रावर उतरून राह्यला होता. दोन शब्द मी दुरुस्त केले. तिसरा चुकला तेव्हा तसाच जाऊ दिला. त्या बिचाऱ्याले यानाच्या शेवटच्या पायरीवरून खाली यायले बराच वेळ लागला. माझा चहा निवून गेला, पण मी फोन ठेवला नाही.